विल्मा रुडॉल्फ

वऱ्हाडातील मुलांना धावण्याचे अप्रूप नाही. कपाशीच्या शेतांमधील पांदणीने शाळा गाठताना, सुगी आटोपल्यावर मोकळ्या झालेल्या खळ्यात खेळताना, किंवा अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर पहाटेच्या गारव्यात व्यायाम करताना ती सहज धावत सुटतात. धावणे ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते, की धडधाकट पाय हे केवढे मोठे धन आहे, याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. परंतु ज्या मुलीला बालपणाची अनेक वर्षे इतर मुलांचे धावणे नुसते खिडकीतून पाहावे लागले, तिला या धनाची किंमत पुरेपूर कळली होती. पुढे हीच मुलगी जगातील सर्वांत वेगवान स्त्री म्हणून विख्यात झाली. तिचे नाव विल्मा रुडॉल्फ.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टेनेसी नावाचे एक राज्य आहे. त्या राज्यातील क्लार्क्सव्हिल या गावाजवळ सेंट बेथलेहेम येथे २३ जून १९४० रोजी विल्माचा जन्म झाला. ती दिवस पूर्ण भरण्यापूर्वीच जन्माला आली होती. जन्मतः तिचे वजन जेमतेम दोन किलोग्रॅम होते. तिचे वडील एड रुडॉल्फ हे रेल्वेवर हमालीचे काम करीत व मिळेल ती इतर कामेही करीत. आई ब्लांश गोऱ्या लोकांच्या घरी धुण्याभांड्याचे आणि झाडलोटीचे काम करी. एड यांच्या दोन विवाहांतील मिळून बावीस अपत्यांपैकी विल्मा ही विसावी. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. तथापि त्या घरात मायेचा तुटवडा मात्र कधीच नव्हता.

रुडॉल्फ कुटुंब कृष्णवर्णीय होते. त्या काळी टेनेसीमध्ये काळ्या व गोऱ्या लोकांना वेगवेगळे ठेवणारे कायदे आणि रूढी होत्या. दोघांच्या शाळा निराळ्या, रुग्णालये निराळी, उपाहारगृहे निराळी. बसमध्येसुद्धा कृष्णवर्णीयांनी मागच्या बाजूस बसावे, असा दंडक होता. मनुष्याने मनुष्याला केवळ जन्मावरून दूर लोटावे, त्याच्या हातचे पाणी नाकारावे, त्याला पंक्तीत बसू देऊ नये, या गोष्टी भारतीय वाचकाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. विल्माच्या वाट्याला दारिद्र्याबरोबर हा अपमानही जन्मापासूनच आला होता.

त्यातच आजारांनी तिचा पिच्छा पुरवला. प्रथम दोन्ही फुप्फुसांचा दाह झाला, नंतर स्कार्लेट ज्वर आला. या दुखण्यांतून ती उठते न उठते, तोच चार-पाच वर्षांच्या वयात तिला पोलिओने गाठले. त्या काळी पोलिओवर प्रतिबंधक लस निघालेली नव्हती. जोनास साल्क यांची लस सर्वसामान्यांना मिळू लागली, ती १९५५ मध्ये. तोपर्यंत या रोगाने जगातील असंख्य मुलांना अपंग केले होते. विल्माचा जीव वाचला, परंतु तिचा डावा पाय लुळा पडला व पाऊल आत वळले. ती पुन्हा चांगली चालू लागेल, अशी आशा वैद्यांना फारशी वाटत नव्हती.

ब्लांशने मात्र आशा सोडली नाही. क्लार्क्सव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वैद्यकीय सोयी अगदीच अपुऱ्या होत्या. नॅशव्हिल शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथील रुग्णालयात आपल्या मुलीवर उपचार होऊ शकतील, असे तिला कळले. नॅशव्हिल तेथून सुमारे ८० किलोमीटर दूर. अकोला ते अमरावती या अंतराहून ते थोडेसेच कमी म्हणावे लागेल. लोकांच्या घरची कामे करून थकलेली ती माता लेकीला घेऊन बसने नॅशव्हिलला जाई. मागच्या बाकावर बसून जावयाचे, उपचार करून घ्यावयाचे आणि रात्रीपर्यंत परत यावयाचे, असा क्रम आठवड्यामागून आठवडे चालला. जवळजवळ दोन वर्षे त्यात खंड पडला नाही.

केवळ रुग्णालयातील उपचारांनी भागणार नव्हते. पायाला दररोज मर्दन करावयास हवे होते. ते कसे करावे, हे आईने वैद्यांकडून शिकून घेतले आणि मोठ्या मुलांना शिकवले. मग घरातील भावंडांनी पाळी लावली. दिवसातून चार वेळा कोणी ना कोणी विल्माच्या पायाला मर्दन करी. पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधलेला असे. तो जड व टोचणारा आधार काढून टाकावा, असे तिला फार वाटे. घरी कोणी नाही असे पाहून ती तो काढून ठेवी आणि एकटीच चालण्याचा प्रयत्न करी. ती पडे, उठे आणि पुन्हा पाऊल टाकी. शाळेतही ती इतरांपेक्षा उशिरा, वयाच्या सातव्या वर्षी जाऊ लागली. मुले तिच्या पायावरून तिला चिडवीत. त्या चिडवण्याने तिच्या डोळ्यांत पाणी येई. परंतु ते पाणी आटले, की तिचा निश्चय अधिकच घट्ट होई.

काही वर्षांनी लोखंडी आधार गेला व त्याच्या जागी विशिष्ट घडणीचा बूट आला. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्या बुटाचीही गरज उरली नाही. इतर मुलींसारखी ती दोन्ही पायांवर मोकळेपणाने चालू लागली. आई, भावंडे आणि नॅशव्हिलचे वैद्य या सर्वांच्या कष्टांचे ते फळ होते. सामान्यतः अशी कथा येथेच सुखाने संपावयाची. विल्माची कथा मात्र येथूनच सुरू झाली. इतकी वर्षे जे पाय जखडले होते, त्यांना आता स्वस्थ बसवेना.

तिची थोरली बहीण योलांडा शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळत असे. तिच्या पाठोपाठ विल्माही बर्ट हायस्कूलच्या संघात शिरली. प्रशिक्षक क्लिंटन ग्रे तिला सामन्यात उतरवीत नसत. ती मात्र सतत त्यांच्याभोवती घोटाळत राही व खेळण्याची संधी मागे. डासासारखी गुणगुणत मागे लागणारी ही मुलगी पाहून त्यांनी तिचे नावच डास ठेवून दिले. अखेर संधी मिळाली आणि तिने तिचे सोने केले. एका हंगामात तिने ८०३ गुण मिळवून राज्यातील शालेय मुलींचा विक्रम मोडला. उंच, सडपातळ आणि चपळ अशा या मुलीकडे एका सामन्यात पंचाचे काम करणाऱ्या एड टेंपल यांचे लक्ष गेले. टेंपल हे नॅशव्हिल येथील टेनेसी राज्य विद्यापीठात मुलींना धावण्याचे शिक्षण देत. ही मुलगी बास्केटबॉलपेक्षाही धावण्यासाठी जन्माला आली आहे, हे त्या जाणकार शिक्षकाने ओळखले व उन्हाळी सुट्टीतील आपल्या वर्गासाठी तिला बोलावले.

धावण्याच्या शर्यतीत विल्माला पहिले यश सहज मिळाले. आसपासच्या शाळांतील मुलींना ती मागे टाकू लागली. त्यामुळे आपल्याला कोणी हरवू शकणार नाही, असे तिला वाटू लागले. अशा मनःस्थितीत ती अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील मोठ्या स्पर्धेला गेली. तेथे ठिकठिकाणच्या निवडक मुली आल्या होत्या. विल्मा तेथे प्रत्येक शर्यत हरली. घरी परतताना ती अगदी खचून गेली होती. परंतु त्या पराभवाने तिला एक मोलाचा धडा दिला. नुसत्या अंगच्या वेगावर विसंबून चालत नाही. प्रारंभ कसा करावा, हात कसे हलवावेत, श्वास कसा राखावा, अंतिम रेषा कशी ओलांडावी, हे सारे शिकावे लागते. शिकणे म्हणजे आपण कोठे कमी पडतो हे मान्य करणे होय. तिने ते मान्य केले आणि सरावाला वाहून घेतले.

विल्मा ज्या मार्गाने निघाली होती, तो मार्ग तिच्यापूर्वी काही थोरांनी तुडवला होता. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले होते. त्या प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला गेले होते व त्याने कबड्डीसारखे भारतीय खेळ तेथे करून दाखवले होते. त्याच सामन्यांत जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूने चार सुवर्णपदके जिंकली. वर्णश्रेष्ठतेचा टेंभा मिरवणाऱ्या हिटलरच्या राजधानीतच हा पराक्रम घडला. टिडी पिकेट ही ऑलिंपिकमध्ये धावणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीदेखील त्याच वेळी मैदानात उतरली होती. तथापि ओवेन्स मायदेशी परतला, तेव्हा त्याला बसमध्ये पुढे बसण्याचा अधिकार मिळाला नाही. एका मोठ्या हॉटेलात त्याच्याच गौरवार्थ योजलेल्या समारंभाला त्याला मालवाहू उद्वाहकाने वर जावे लागले. पदक मिळाले, तरी मान मिळेलच असे नव्हते.

१९५६ मध्ये विल्माची निवड अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात झाली. ती त्या वेळी केवळ सोळा वर्षांची शाळकरी मुलगी होती. क्लार्क्सव्हिलसारख्या लहान गावातून ती थेट ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे गेली. २०० मीटरच्या शर्यतीत ती प्राथमिक फेऱ्यांतच बाद झाली. परंतु ४ × १०० मीटर रिले शर्यतीत मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज व इझाबेल डॅनियल्स यांच्यासह धावून तिने कांस्यपदक मिळवले. त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या बेटी कथबर्ट या अठरा वर्षांच्या युवतीने तीन सुवर्णपदके जिंकली. विल्मा तो पराक्रम डोळे भरून पाहत होती. घरी आल्यावर शाळेतील मुलामुलींनी तिचे पदक हातोहात फिरवले. त्यावर बोटांचे डाग पडले, म्हणून ती ते घासू लागली. पण कितीही घासले, तरी कासे काही चमकेना. तेव्हा पुढच्या वेळी सोनेच आणावयाचे, असे तिने ठरवून टाकले.

१९५८ मध्ये विल्माने टेनेसी राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथील मुलींना आजच्यासारख्या मोठ्या शिष्यवृत्त्या नव्हत्या. प्रत्येकीला रोज काही तास विद्यापीठात काम करून शिक्षणाचा खर्च भागवावा लागे. उरलेल्या वेळात अभ्यास आणि सराव. टेंपल यांची शिस्त फार कडक होती. सरावाला येण्यास जितकी मिनिटे उशीर होईल, तितक्या फेऱ्या मैदानाला अधिक घालाव्या लागत. एकदा विल्माला झोप लागली व अर्धा तास उशीर झाला. तिला तीस फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच मैदानावर हजर होती, असे सांगतात. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलीला टेंपल संघात ठेवीत नसत. अशा शिस्तीत त्यांनी घडवलेले ४० धावपटू पुढे ऑलिंपिकमध्ये धावले आणि त्यांनी एकूण २३ पदके मिळवली.

या परिश्रमांचे फळ लवकरच दिसू लागले. १९५९ साली शिकागो येथील पॅन अमेरिकन सामन्यांत विल्माने १०० मीटरमध्ये रौप्यपदक व रिलेमध्ये सुवर्णपदक मिळवले. जुलै १९६० मध्ये टेक्सास राज्यातील कॉर्पस क्रिस्टी येथे तिने २०० मीटरचे अंतर २२.९ सेकंदांत तोडले. हे अंतर २३ सेकंदांहून कमी वेळात पार करणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली. तिची उंची सुमारे १८० सेंटिमीटर होती. उंचीमुळे प्रारंभी शरीर झटकन पुढे झेपावत नसे व ती थोडी मागे राही. परंतु एकदा लय सापडली, की तिचे लांब पाय जमिनीला जेमतेम स्पर्श करीत पुढे जात आणि पाहणाऱ्याला त्यात श्रमाचा लवलेशही दिसत नसे.

ऑगस्ट १९६० च्या अखेरीस रोम येथे ऑलिंपिक सामने सुरू झाले. त्या वर्षी रोमचा उन्हाळा कडक होता. वऱ्हाडच्या उन्हाची आठवण व्हावी, अशी ऊन्हे तेथे तापत होती. सरावाच्या वेळी एका खड्ड्यात पाय पडून विल्माचा घोटा मुरगळला. पण विश्रांती घेऊन व पाय बांधून ती मैदानात उतरली. १०० मीटरच्या उपांत्य फेरीत तिने ११.३ सेकंदांच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. २ सप्टेंबर रोजी अंतिम शर्यत झाली. बंदुकीचा आवाज होताच सहाजणी सुटल्या. निम्मे अंतर संपण्याच्या आत विल्मा पुढे निघाली व शेवटी तिच्या आणि इतरांच्या मध्ये स्पष्ट अंतर राहिले. तिने ११ सेकंद घेतले. पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग नियमात बसणाऱ्या मर्यादेहून अधिक असल्यामुळे तो विक्रम म्हणून नोंदवला गेला नाही. परंतु सुवर्णपदक तिचेच होते. ब्रिटनची डोरोथी हायमन दुसरी व इटलीची जुझेप्पिना लेओने तिसरी आली.

दोन शर्यतींच्या मधल्या वेळात इतर खेळाडू अस्वस्थपणे येरझारा घालीत. विल्मा मात्र स्वस्थ झोप घेई. २०० मीटरच्या प्राथमिक फेरीत तिने २३.२ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम केला व अंतिम शर्यत २४ सेकंदांत सहज जिंकली. मग आली ४ × १०० मीटरची रिले शर्यत. मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स व विल्मा या चौघीही टेनेसी राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थिनी होत्या. उपांत्य फेरीत त्यांनी ४४.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. अंतिम शर्यतीत तिसऱ्या धावपटूकडून बॅटन घेताना मात्र विल्माची पकड चुकली. क्षणभर तिला जवळजवळ थांबावे लागले. तेवढ्यात प्रतिस्पर्धी पुढे निघाल्या. तिघींचे श्रम आता एकीच्या पायांवर अवलंबून होते. विल्माने बॅटन घट्ट धरला आणि सारी शक्ती एकवटून ती धावली. जर्मनीच्या युटा हाइनेला तिने अंतिम रेषेपूर्वी मागे टाकले. अमेरिकेने ती शर्यत ४४.५ सेकंदांत जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यतींत तीन सुवर्णपदके मिळवणारी विल्मा ही पहिली अमेरिकन स्त्री ठरली.

रोमचे ते सामने अनेक कारणांनी स्मरणीय झाले. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. भारताच्या मिल्खासिंगांचे पदक ४०० मीटरच्या शर्यतीत अगदी थोडक्यात हुकले व ते चौथे आले. दूरचित्रवाणीमुळे हे सामने प्रथमच युरोप-अमेरिकेतील घरोघरी पोहोचले होते. त्यामुळे विल्माचे नाव एका आठवड्यात सर्वतोमुखी झाले. इटलीतील लोक तिला काळी हरिणी म्हणू लागले. सामन्यांनंतर ती लंडन, कोलोन, बर्लिन इत्यादी शहरांत धावावयास गेली, तेव्हा तिला पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडे.

परंतु तिची खरी परीक्षा अद्याप व्हावयाची होती आणि ती मैदानावरची नव्हती. क्लार्क्सव्हिलच्या लोकांनी तिच्या स्वागताचा मोठा बेत आखला. त्या राज्याचे गव्हर्नर ब्युफोर्ड एलिंग्टन हे वर्णभेदाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. रीतीप्रमाणे काळ्यांचा समारंभ वेगळा आणि गोऱ्यांचा वेगळा व्हावयाचा. विल्मा त्या वेळी अवघी वीस वर्षांची होती. गावाने प्रेमाने मांडलेला सत्कार जसा असेल तसा स्वीकारावा, असे एखादीला वाटले असते. तिने मात्र स्पष्ट कळवले, की काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणाऱ्या समारंभाला आपण येणार नाही. आता गावापुढे दोनच मार्ग होते. एक तर रूढी सोडावयाची, नाही तर आपल्या कीर्तिवंत कन्येविना स्वागत करावयाचे.

गावाने रूढी सोडली. ४ ऑक्टोबर १९६० रोजी क्लार्क्सव्हिलच्या रस्त्यांतून विल्माची मिरवणूक निघाली. दुतर्फा काळे व गोरे लोक खांद्याला खांदा लावून उभे होते. रात्रीच्या मेजवानीला हजाराहून अधिक लोक एकाच सभागृहात एकत्र जेवले. त्या गावाच्या इतिहासात असा सार्वजनिक समारंभ त्यापूर्वी कधीच झाला नव्हता. ज्या गावाच्या बसमध्ये विल्माची आई आजारी लेकीला घेऊन मागच्या बाकावर बसली होती, त्याच गावात आता तिची कन्या सर्वांच्या मधोमध बसली होती. तीन सुवर्णपदकांचे मोल मोठे खरे. परंतु ही चौथी शर्यत त्यांहूनही अवघड होती.

यानंतर सन्मानांची रीघ लागली. १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेतील एका प्रमुख वृत्तसंस्थेने तिला वर्षातील सर्वश्रेष्ठ स्त्री खेळाडू म्हणून निवडले. १९६१ चा सुलिव्हन पुरस्कार तिला मिळाला. हा मान मिळवणारी ती केवळ तिसरी स्त्री होती. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी व्हाइट हाउसमध्ये तिची भेट घेतली. पूर्वी केवळ पुरुषांसाठी असलेल्या काही मोठ्या स्पर्धांनी तिच्यामुळे स्त्रियांना आपली दारे उघडली. सन्मानांच्या या वर्षावात तिचा सराव मात्र सुटला नाही. जुलै १९६१ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे तिने १०० मीटरचे अंतर ११.२ सेकंदांत कापून नवा जागतिक विक्रम केला.

कीर्ती शिखरावर असतानाच विल्माने मैदानाचा निरोप घ्यावयाचे ठरवले. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्यात सामने झाले. त्यात तिने १०० मीटरची शर्यत जिंकली आणि रिलेमध्ये मागे पडलेल्या आपल्या संघाला शेवटच्या टप्प्यात विजय मिळवून दिला. त्यानंतर ती स्पर्धांतून निवृत्त झाली. त्या वेळी तिचे वय बावीस वर्षांचे होते. पुढील ऑलिंपिकमध्ये हरून लोकांच्या मनातील आपले चित्र पुसट करण्यापेक्षा वेळीच थांबणे तिला योग्य वाटले.

१९६३ मध्ये तिने शिक्षणशास्त्राची पदवी संपादन केली. त्याच वर्षी सरकारच्या वतीने ती पश्चिम आफ्रिकेच्या सदिच्छा दौऱ्यावर गेली व सेनेगलमधील डाकार येथील क्रीडामहोत्सवास उपस्थित राहिली. परत आल्यावर तिला काय दिसले? स्वतःच्या गावातील एका उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना अजूनही प्रवेश नव्हता. जिच्या नावाने मिरवणूक निघाली होती, तिलासुद्धा त्या दारातून आत जाता येत नव्हते. विल्मा इतर नागरिकांबरोबर निदर्शनांत सामील झाली. थोड्याच अवधीत महापौरांनी गावातील उपाहारगृहांसह सर्व सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली होतील, असे जाहीर केले. एका दिवसाच्या मिरवणुकीत जे घडले होते, ते आता रोजच्या व्यवहारात आले.

ज्या शाळेत ती लंगडत शिकली, त्याच प्राथमिक शाळेत विल्मा शिक्षिका झाली आणि बर्ट हायस्कूलच्या मुलींना धावण्याचे शिक्षण देऊ लागली. त्या काळी ऑलिंपिकमधील खेळाडूंना खेळातून पैसा मिळवण्यास बंदी होती. त्यामुळे जगभर नाव होऊनही तिच्या हाती धन आले नाही. संसार, चार मुलांचे संगोपन व चरितार्थ यांसाठी तिला अनेक शहरांत निरनिराळ्या नोकऱ्या कराव्या लागल्या. १९७७ मध्ये तिने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १९८१ मध्ये इंडियानापोलिस येथे तिने स्वतःच्या नावाने एक संस्था स्थापन केली. गरीब वस्त्यांतील मुलांना खेळाचे शिक्षण विनामूल्य द्यावे व त्याबरोबर त्यांच्या अभ्यासाकडेही लक्ष पुरवावे, हा त्या संस्थेचा हेतू होता. टेंपल यांनी जे तिला दिले, तेच ती पुढच्या पिढीला देऊ पाहत होती.

तिच्या पावलांवर पाऊल टाकून अनेकजणी पुढे आल्या. टेंपल यांच्याच शिष्या असलेल्या वायोमिया टायसने १९६४ व १९६८ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. १९८८ मध्ये फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरने एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवली.

१२ नोव्हेंबर १९९४ रोजी कर्करोगाने विल्मा रुडॉल्फचे निधन झाले. त्या वेळी ती ५४ वर्षांची होती. क्लार्क्सव्हिलमधील एका हमरस्त्याला तिचे नाव देण्यात आले असून त्या गावात तिचा पुतळाही उभारलेला आहे. २००४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिच्या चित्राचे तिकीट काढले. बर्लिनमधील एका शाळेलाही २००० साली तिचे नाव मिळाले. ज्या नगरीत एके काळी वर्णश्रेष्ठतेचा जयघोष झाला, त्याच नगरीतील मुले आता एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या नावाच्या शाळेत शिकू लागली.

विल्माच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तिच्या वेगाच्या मागे अनेकांचे कष्ट उभे होते. मागच्या बाकावर बसून नॅशव्हिलला जाणारी आई, आळीपाळीने पायाला मर्दन करणारी भावंडे, रुग्णालयातील वैद्य, कडक पण मायाळू शिक्षक, आणि बॅटन तिच्या हाती सोपवणाऱ्या मैत्रिणी या सर्वांनी तिला पुढे नेले. तिने हे ऋण ओळखले होते. म्हणूनच मान मिळाला, तेव्हा तो एकटीने न घेता आपल्या सर्व लोकांसाठी मागून घेतला. अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या मुलींपैकी प्रत्येकीला ऑलिंपिकचे पदक मिळेल, असे नाही. परंतु पडल्यावर उठणे, हरल्यावर शिकणे आणि जिंकल्यावर मागे राहिलेल्यांना विसरू नये, हे प्रत्येकीला साधता येण्यासारखे आहे.